पॅकेज एक वर्षाचे, गरज तीन वर्षांची : एका बेरियाट्रिक केंद्राच्या सेवेविषयी

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेण्याचा विचार करणाऱ्या, आणि त्यानंतर मूल व्हावे अशी इच्छा असलेल्या स्त्रियांसाठी हा अभिप्राय लिहीत आहे. माझी शस्त्रक्रिया फेब्रुवारी 2022 मध्ये पुण्यातील एका बेरियाट्रिक, म्हणजे लठ्ठपणावर शस्त्रक्रिया करणाऱ्या, केंद्रात झाली आणि जुलै 2024 मध्ये सांगलीतील एका प्रसूतिगृहात मला मुलगी झाली. या दोन घटनांच्या मधल्या अडीच वर्षांत त्या केंद्राने मला काय दिले आणि काय दिले नाही, हे सविस्तर सांगायचे आहे. केंद्राचे नाव लिहीत नाही, कारण ज्या उणिवेबद्दल मी पुढे लिहिणार आहे ती एकाच ठिकाणची नाही. माझ्यानंतर शस्त्रक्रिया केलेल्या तीन मैत्रिणींनी तीन वेगवेगळ्या रुग्णालयांबद्दल जवळपास हेच सांगितले.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात अशी. मी शाळेत शिक्षिका आहे, उंची 158 सेंटिमीटर आणि शस्त्रक्रियेच्या वेळचे वजन 104 किलो, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा बीएमआय 41 च्या वर. लग्नाला सहा वर्षे झाली होती, पीसीओडी (अंडाशयाचा हार्मोनशी निगडित विकार) होते, पाळी तीन-चार महिन्यांनी एकदा यायची, आणि आययूआयचे, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराचे, दोन प्रयत्न अयशस्वी झाले होते. वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तिसऱ्या प्रयत्नापूर्वी वजन कमी करण्यास सांगितले. ते ऐकून मी घरी आले तेव्हा मनात राग होता, कारण वजन कमी करण्याचे प्रयत्न मी वयाच्या सोळाव्या वर्षापासून करत आले होते आणि जणू ते कधी केलेच नाहीत असा त्या वाक्याचा सूर होता. पुण्याच्या केंद्रात मात्र पहिल्याच भेटीत सर्जननी मला, लठ्ठपणा हा आजार आहे, तो तुमचा आळस नाही, असे स्पष्ट सांगितले. त्या एका वाक्यासाठी मी त्यांची आजही ऋणी आहे.

शस्त्रक्रियेविषयी तक्रार करण्यासारखे माझ्याकडे काहीही नाही. मला पूर्वीपासून आम्लपित्ताचा, छातीत जळजळण्याचा त्रास होता आणि स्लीव्ह पद्धतीत, म्हणजे जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून त्याची अरुंद नळी करण्याच्या पद्धतीत, हा त्रास वाढू शकतो. म्हणून माझ्यासाठी बायपास निवडण्यात आला. त्यात जठराच्या वरच्या टोकाला लहान लिंबाएवढी पिशवी वेगळी करतात आणि तिला लहान आतड्याचा पुढचा भाग थेट जोडतात, त्यामुळे खाल्लेले अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वगळून पुढे जाते. हे सारे मला चित्र काढून समजावले. तीन दिवसांत घरी सोडले. खर्च सुमारे पावणेचार लाख रुपये आला. बीएमआय 40 च्या पुढे असल्यामुळे विमा कंपनीने दावा मान्य केला. परंतु ज्यांचा बीएमआय 35 ते 40 च्या दरम्यान आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे, की विमा नियामकाच्या 2019 च्या नियमांत या गटासाठी हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार, आटोक्यात न येणारा मधुमेह अशा सहव्याधींची अट आहे आणि मूल न होणे हे कारण त्या यादीत नाही. माझ्या एका सहकारी शिक्षिकेचा दावा याच कारणाने नाकारला गेला.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. शस्त्रक्रियेपूर्वी मी जो अर्ज भरला तो सहा पानी होता. त्यात दारू, तंबाखू, झोप, घोरणे, गुडघेदुखी, नैराश्य या सर्वांविषयी प्रश्न होते. तुम्हाला पुढे मूल हवे आहे का, हवे असल्यास केव्हा, आणि तोपर्यंत गर्भधारणा टाळण्यासाठी तुम्ही काय वापरणार आहात, हे तीन प्रश्न मात्र नव्हते. मी मूल होत नाही म्हणूनच तेथे गेले होते आणि हे सर्जनना ठाऊक होते. तरीही शस्त्रक्रियेनंतर किमान बारा ते अठरा महिने दिवस राहू देऊ नयेत, ही अत्यंत मूलभूत गोष्ट मला रुग्णालयातून घरी सोडतानाच्या कागदावर एका ओळीत छापलेली मिळाली. ती कोणी वाचूनही दाखवली नाही. ज्या बाईला सहा वर्षे दिवस राहिलेले नाहीत तिला गर्भनिरोधनाची गरज काय, असा विचार त्यामागे असावा. खरे सांगायचे तर तो विचार मीही केला होता.

हा विचार किती चुकीचा आहे, ते मला पुढे कळले. पीसीओडीमध्ये शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, त्यामुळे रक्तात इन्सुलिन वाढते, त्याने अंडाशयातील पुरुषी हार्मोन्स वाढतात आणि बीज बाहेर पडण्याची क्रिया खोळंबते. बायपासनंतर इन्सुलिनची ही अवस्था वजन पुरते उतरण्याच्या आधीच, काही आठवड्यांत सुधारू लागते, आणि बीज सुटणे त्यापाठोपाठ सुरू होऊ शकते. माझी पाळी मे महिन्यापासून, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच, दर तीस-बत्तीस दिवसांनी येऊ लागली. मला त्याचा आनंद झाला. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. नेमका हाच काळ गर्भधारणेसाठी सर्वांत अयोग्य असतो, कारण तेव्हा वजन दर आठवड्याला उतरत असते, दिवसभरात जेमतेम सात-आठशे कॅलरी पोटात जातात, शरीर स्वतःचे साठे वापरून चालत असते आणि अशा शरीरात वाढणाऱ्या गर्भाला पुरेसे पोषण मिळेल याची शाश्वती नसते.

गौरी-गणपतीच्या दिवसांत, सातव्या महिन्यात, माझी पाळी पंधरा दिवस लांबली. मी केंद्राला फोन केला. फोनवरील कनिष्ठ डॉक्टरांनी घाबरू नका असे सांगून पाळी आल्यावर गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्याचा सल्ला दिला. चाचणी नकारार्थी आली आणि पाळीही आली, परंतु गोळ्या घेण्यापूर्वी मी सांगलीतील माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले ते फार बरे झाले. बायपाससारख्या शस्त्रक्रियेनंतर पोटातून घेतलेली गोळी पूर्ण शोषली जाईलच असा भरवसा धरता येत नाही, आणि उलटी किंवा जुलाब झाले तर तो आणखी कमी होतो. म्हणून अशा स्त्रीसाठी तोंडाने न घ्यायचे साधन निवडावे, हा जगभर मान्य असलेला सल्ला त्यांनी मला दिला. साधी तांबी बसवली असती तर रक्तस्राव वाढून आधीच कमी असलेले लोह आणखी घटण्याची भीती होती, म्हणून त्यांनी हार्मोन असलेली तांबी बसवली. ही चर्चा वीस मिनिटांची होती. ज्या केंद्राने माझे पोट उघडून आतड्याची नवी जोडणी केली, त्या केंद्रात ही वीस मिनिटे कोणाच्याही कामाच्या यादीत नव्हती, ही माझी पहिली आणि गंभीर तक्रार आहे.

दुसरी तक्रार पॅकेजची. शस्त्रक्रियेच्या रकमेत एक वर्षाचा पाठपुरावा अंतर्भूत होता : दर तीन महिन्यांनी सर्जनची भेट, आहारतज्ज्ञांशी महिन्यातून एकदा फोनवर बोलणे आणि दोन वेळा रक्ततपासणी. हे वर्ष फेब्रुवारी 2023 मध्ये संपले आणि त्यानंतर दर भेटीला वेगळे शुल्क लागू झाले. शुल्काविषयी माझी हरकत नाही. तज्ज्ञांच्या वेळेचे मोल असते. हरकत आहे ती याला, की मूल होऊ देण्याची परवानगी ज्या टप्प्यावर मिळते त्याच टप्प्यावर देखरेख संपते. केंद्राकडून येणारे आठवण करून देणारे संदेश बंद झाले, तपासण्यांची यादी येणे बंद झाले, आणि वजन 71 किलोवर आल्यामुळे माझी फाइल त्यांच्या दृष्टीने यशस्वी ठरून मिटली गेली. ज्या उद्दिष्टासाठी मी ही वाट धरली होती ते तर अजून पुढेच होते.

फाइल पुन्हा उघडली गेली ती केंद्रातील आहारतज्ज्ञ ताईंमुळे, आणि या अभिप्रायातील सर्वांत मोठे कौतुक त्यांच्या वाट्याचे आहे. ऑगस्ट 2023 मध्ये, शस्त्रक्रियेला अठरा महिने झाल्यावर, तांबी काढण्यापूर्वी मी स्वतः शुल्क भरून त्यांची वेळ घेतली. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी : “ताई, तांबी काढायची घाई करू नका, आधी रक्त बघू.” हिमोग्लोबिन 10.2 निघाले, शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन फारच खाली होते, बी-12 हे 160 होते आणि ड जीवनसत्त्वही कमी होते. मी शाकाहारी आहे. बी-12 आपल्याकडे दूध-दह्यापलीकडे शाकाहारात जवळपास मिळत नाही, आणि बायपासनंतर ते शोषून घेण्यासाठी लागणारे आम्ल व जठरातील विशिष्ट प्रथिनही अन्नाला पुरेसे भेटत नाही. म्हणजे आमच्यासारख्यांच्या बाबतीत दोन्हीकडून तूट. त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञांशी स्वतः बोलून बी-12 ची इंजेक्शने सुरू करवली आणि मगच फॉलिक अॅसिड सुरू करण्यास सांगितले, कारण बी-12 ची कमतरता भरून न काढता नुसते फॉलिक अॅसिड दिले तर रक्ताचा अहवाल सुधारलेला दिसतो आणि मज्जातंतूंची हानी मात्र आत चालू राहते. फॉलिक अॅसिडची मात्राही सर्वांना सारखी नसते. माझा बीएमआय तोवर 28 च्या आत आलेला असल्यामुळे 0.4 मिलिग्रॅमची नेहमीची मात्रा पुरेशी होती. बीएमआय 30 च्या वर असेल किंवा मधुमेह असेल तर 4 ते 5 मिलिग्रॅम देतात.

त्यानंतर त्यांनी मी रोज घेत असलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीचा फोटो मागवला. मी दीड वर्ष तीच गोळी इमानेइतबारे घेत होते. त्यातील अ जीवनसत्त्व रेटिनॉलच्या स्वरूपात होते, आणि रेटिनॉल जास्त मात्रेत गर्भाला अपायकारक ठरते. गरोदरपणात ते बीटा-कॅरोटिनच्या स्वरूपात असलेले बरे. गोळी बदलली. कॅल्शियमही कार्बोनेटऐवजी सायट्रेटचे करण्यात आले, कारण कार्बोनेट विरघळायला आम्ल लागते आणि माझ्या नव्या पिशवीत ते फारसे नाही. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवायचे, लोहाच्या गोळीवर चहा घ्यायचा नाही, असे वेळापत्रक त्यांनी माझ्या शाळेच्या तासिकांप्रमाणे बसवून दिले. मधल्या सुट्टीत कॅल्शियम, घरी आल्यावर लिंबूपाण्याबरोबर लोह. हे त्यांनी केले नसते तर मी चारही गोळ्या एकदम, दुधाबरोबर, पूर्वीसारख्याच घेत राहिले असते.

नोव्हेंबर 2023 मध्ये कोणत्याही उपचाराशिवाय मला दिवस राहिले. त्या सकाळी चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या तेव्हा मी आणि माझे पती स्वयंपाकघरात बराच वेळ काही न बोलता उभे होतो.

गरोदरपणाच्या काळजीत तीन ठिकाणची माणसे गुंतलेली होती : पुण्याचे केंद्र, सांगलीचे प्रसूतिगृह आणि घर. त्यांच्यात दुवा कोण साधणार, हा प्रश्न शेवटपर्यंत राहिला. पहिला प्रसंग पहिल्याच नोंदणीच्या भेटीत घडला. गर्भवतीने जेवलेले असो वा नसो, तिला 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी रक्तातील साखर मोजणे ही आपल्याकडील रूढ तपासणी आहे आणि सर्वसाधारण स्त्रीसाठी ती उत्तम आहे. परिचारिकेने तो पेला मला दिला आणि मीही घेतला. पंधरा मिनिटांत पोटात मुरडा आला, घाम फुटला, छाती धडधडू लागली. दीड तासाने हातपाय थरथरू लागले आणि साखर 52 पर्यंत उतरली. एवढी साखर पातळ स्वरूपात घेतली की ती माझ्या लहान पिशवीत न थांबता थेट आतड्यात ओतली जाते. आधी आतडे पाणी खेचून घेते, मग इन्सुलिन उसळते आणि साखर गरजेपेक्षा खाली जाते. याला डंपिंग म्हणतात. पुण्यात फोन केल्यावर उत्तर मिळाले, की बायपास झालेल्या स्त्रीला ही तपासणी करतच नाहीत. हे उत्तर बरोबर होते, पण दोन तास उशिरा आले. प्रसूतिगृहातील परिचारिकेला ते कसे माहीत असावे? माझ्या हातात ते सांगणारा कागद कोणी दिलाच नव्हता.

त्या दिवशी मी केंद्राच्या व्यवस्थापकांना सविस्तर पत्र लिहिले आणि आपत्कालीन माहितीचे एक पानभर कार्ड मागितले. आठवडाभरात आहारतज्ज्ञ ताई आणि सर्जन यांनी मिळून ते तयार करून पाठवले, हे त्यांच्या श्रेयाला नोंदवले पाहिजे. त्यावर शस्त्रक्रियेचा प्रकार व तारीख, ग्लुकोज पाजू नये, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके देऊ नयेत, सतत उलट्या होत असतील तर सलाइनमधून ग्लुकोज देण्यापूर्वी थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) द्यावे, आणि पोटाच्या वरच्या भागात तीव्र वेदना झाल्यास तत्काळ सर्जनशी बोलावे, एवढ्या सूचना मराठीत आणि इंग्रजीत आहेत. मी त्याच्या चार प्रती काढल्या. एक पर्समध्ये, एक प्रसूतिगृहाच्या फाइलमध्ये, एक पतींच्या पाकिटात आणि एक घरी फ्रिजवर.

कार्डाचा उपयोग महिनाभरातच झाला. जानेवारीत मला उलट्या इतक्या वाढल्या की पाणीही टिकेना. रात्री ज्या दवाखान्यात गेले तेथील डॉक्टर ग्लुकोजचे सलाइन लावण्याच्या तयारीत होते. कार्ड वाचून त्यांनी आधी थायमिनचे इंजेक्शन दिले. शरीरात थायमिनचा साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. तो संपलेला असताना नुसते ग्लुकोज दिले तर मेंदूला इजा होऊन तोल जाणे, डोळे स्थिर न राहणे, भ्रम होणे असे परिणाम होऊ शकतात. गरोदरपणातील उलट्यांकडे आपल्याकडे डोहाळे म्हणून कौतुकाने पाहिले जाते. ही शस्त्रक्रिया झालेल्या बाईच्या उलट्यांकडे तसे पाहू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

चोविसाव्या आठवड्यानंतर साखरेची तपासणी घरच्या ग्लुकोमीटरवर झाली : सात दिवस, सकाळी उपाशीपोटी आणि प्रत्येक जेवणानंतर एक तासाने. उपाशीपोटी 95 च्या आत आणि जेवणानंतर 140 च्या आत आकडे हवे होते, आणि ते तसे राहिले. हिमोग्लोबिन मात्र गोळ्यांना दाद देईना, कारण लोह मुख्यतः ज्या भागात शोषले जाते तोच आतड्याचा भाग माझ्या अन्नमार्गातून वगळला गेला आहे. म्हणून पाचव्या महिन्यात शिरेतून लोह दिले आणि हिमोग्लोबिन दोन महिन्यांत 11 च्या वर आले. रक्ताच्या तपासण्या दर तिमाहीला झाल्या. बाळाच्या वाढीची सोनोग्राफी चोविसाव्या आठवड्यापासून दर चार आठवड्यांनी झाली. तिचे कारण स्त्रीरोगतज्ज्ञांनी मला न लपवता सांगितले, आणि आकडे पाहिल्याशिवाय चैन न पडणाऱ्या माझ्यासारखीला ते बरे वाटले. स्वीडनमधील एक मोठा अभ्यास 2015 मध्ये ‘द न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात शस्त्रक्रियेनंतरच्या गरोदरपणांची तुलना, शस्त्रक्रियेपूर्वी तेवढेच वजन असलेल्या पण शस्त्रक्रिया न केलेल्या स्त्रियांच्या गरोदरपणांशी केलेली होती. गरोदरपणातील मधुमेह 6.8 टक्क्यांऐवजी 1.9 टक्के, प्रमाणापेक्षा मोठी बाळे 22.4 टक्क्यांऐवजी 8.6 टक्के, परंतु वाढ कमी झालेली बाळे 7.6 टक्क्यांऐवजी 15.6 टक्के. लाभ आणि जोखीम असे दोन्ही एकाच तक्त्यात समोर मांडून ठेवल्यावर दर महिन्याच्या सोनोग्राफीचा खर्च मला कधी जड वाटला नाही.

घरातील आहाराविषयी लिहिल्याशिवाय हा अनुभव अपुरा राहील. ‘दोन जिवांची आहेस, दोघांचे खा’ हे वाक्य मी दिवसातून पाच वेळा ऐकत होते, आणि माझी पिशवी एका वेळी वाटीभर अन्नापलीकडे घेत नव्हती. आहारतज्ज्ञ ताईंनी येथे सासूबाईंना फोनवर घेतले आणि अत्यंत आदराने, त्यांच्याच स्वयंपाकातील पदार्थ धरून, रोजच्या किमान 60 ग्रॅम प्रथिनांचा हिशेब लावून दिला : मोड आलेल्या मटकीची उसळ, पनीर, घट्ट दही, मुगाचे धिरडे, शेंगदाण्याची चटणी, हरभऱ्याच्या डाळीचे पिठले, आधी प्रथिने, मग भाजी, आणि भाकरी शेवटी. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. डोहाळजेवणाला सासूबाईंनी पंचपक्वान्नांच्या ताटाऐवजी माझ्यासाठी लहान लहान सहा वाट्या मांडल्या आणि श्रीखंडाची वाटी फक्त ओवाळण्यापुरती ठेवली. बाळंतपणानंतर डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर यांचा प्रश्न पुन्हा आला. गूळ आणि तूप एकत्र, तेही एका वेळी एवढे, मला सोसणारे नव्हते. अळीव कमी गुळात, दुधात शिजवून दोन चमचे, आणि लाडवाचा सुपारीएवढा तुकडा, अशी तडजोड ठरली. कोणत्याही छापील आहारतक्त्यात हे सापडले नसते.

सातव्या महिन्यात एका रात्री बरगडीखाली असह्य वेदना सुरू झाल्या. प्रसूतिगृहात आम्लपित्त म्हणून औषध दिले गेले, परंतु कार्डावरील शेवटच्या सूचनेमुळे पतींनी पुण्याच्या सर्जनना फोन लावला. रात्रीचे दीड वाजले होते आणि त्यांनी तो स्वतः उचलला. बायपासमध्ये आतड्याची मांडणी बदलताना त्याच्या पडद्यांत फटी राहू शकतात, वजन उतरल्यावर तेथील चरबी विरून त्या रुंदावतात, आणि वाढणारे गर्भाशय आतडी वर ढकलत असताना एखादा वेढा त्या फटीत अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. ही अवस्था आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतणारी असते, आणि बाहेरून ती साध्या आम्लपित्तासारखी दिसू शकते. सर्जननी मिरजेतील एका शल्यचिकित्सकांशी थेट बोलून मला तासाभरात तेथे पाठवले. तपासणीत आतडे सुरक्षित निघाले; वेदना पित्ताशयातील खड्यांच्या होत्या. वजन झपाट्याने उतरताना असे खडे होणे नेहमीचे आहे, आणि गरोदरपण त्यात भर घालते. औषधांनी दुखणे शमले. पॅकेज संपल्यानंतरच्या वर्षात एक सोनोग्राफी झाली असती तर हे खडे दिवस राहण्यापूर्वीच कळले असते, हे मी सर्जनना नंतर सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले.

जुलैच्या अखेरीस, अडतिसाव्या आठवड्यात, नैसर्गिक प्रसूती झाली. शस्त्रक्रिया झाली आहे एवढ्या कारणाने सिझेरियन करण्याची गरज नसते, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट केले होते. मुलीचे वजन 2 किलो 560 ग्रॅम होते. वेदनेसाठी मला पॅरासिटामॉल दिले. ती सहा महिने अंगावरच्या दुधावर होती, आणि आईच्या शरीरात बी-12 कमी असेल तर दुधातूनही ते बाळाला कमी मिळते, म्हणून माझी इंजेक्शने त्या काळातही चालू राहिली.

गुण द्यायचेच झाले तर शस्त्रक्रियेला आणि सर्जनच्या तत्परतेला मी पाचपैकी पाच देईन, आहारतज्ज्ञांना पाचांहून अधिक देता आले तर देईन, आणि केंद्राच्या पाठपुराव्याच्या व्यवस्थेला दोन. त्या दोनमधला एक गुण कार्डाचा आहे. हे केंद्र निवडावे का, असे मला विचारणाऱ्या स्त्रियांना मी होच म्हणते. मात्र पैसे भरण्यापूर्वी त्यांनी तेथील प्रमुखांना समोर बसवून विचारावे, की माझा पाठपुरावा बाळ होईपर्यंत चालेल अशी व्यवस्था आहे का. माझ्या गावातील प्रसूतितज्ज्ञांना तुमच्याकडून लेखी सूचना जातील का. दर तिमाहीच्या तपासण्यांची यादी आत्ताच मिळेल का. आणि रात्री फोन लावला तर पलीकडे कोण असेल. मला पुन्हा निर्णय घ्यावा लागला तर मी शस्त्रक्रियेच्या आधीच माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना घेऊन पुण्याला जाईन, निदान दोघांचे एकमेकांशी फोनवर बोलणे घडवून आणीन. केवळ चांगल्या माणसांच्या वैयक्तिक तळमळीवर ही सेवा उभी आहे. ती माणसे उद्या दुसरीकडे गेली तर माझ्यामागून येणाऱ्या स्त्रीच्या हाती पुन्हा ती एक छापील ओळच येईल, याची मला खरोखर चिंता वाटते.

मुलगी आता सात महिन्यांची आहे आणि नाचणीचे सत्त्व आवडीने खाते. पित्ताशयाची शस्त्रक्रिया मे महिन्याच्या सुट्टीत याच केंद्रात ठरवली आहे. पूर्वतयारीसाठी गेल्या आठवड्यात नवा अर्ज भरून घेतला गेला, तो आता सात पानांचा आहे, आणि सातव्या पानावर ते तीन प्रश्न आहेत.